‘काही नाही’ म्हणताना

१८६७ च्या सुरुवातीला चार्ल्स डार्विनने सोळा प्रश्नांची एक यादी छापून घेतली आणि जगाच्या कानाकोपऱ्यांत राहणाऱ्या परिचितांना, परिचितांच्या परिचितांना धाडली. आश्चर्य वाटलं की तिथली माणसं डोळे विस्फारतात का, भुवया वर चढतात का? संताप आला की कपाळाला आठ्या पडतात का, मुठी वळतात का? लाजल्यावर चेहरा लाल होतो का आणि ती लाली अंगावर कुठवर उतरते? होकाराला मान वरखाली हलते का? मिशनरी, वसाहतींतले अधिकारी, डॉक्टर अशा छत्तीस जणांची उत्तरं त्याला मिळाली.

त्यातलं एक उत्तर आपल्या मुलखातलं होतं. मुंबई इलाख्यातल्या अहमदनगर जिल्ह्यात अर्स्किन नावाचे गृहस्थ होते. त्यांनी स्थानिक माणसांच्या चेहऱ्यांचं निरीक्षण केलं आणि आपली अडचण कळवली. युरोपियन माणसासमोर इथले लोक कुठलीच भावना चेहऱ्यावर येऊ देत नाहीत, त्यामुळे खात्रीनं काही सांगणं अवघड आहे. डार्विनने १८७२ साली प्रसिद्ध केलेल्या, माणसांच्या आणि प्राण्यांच्या भावाविष्कारावरच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत ही अडचण नोंदवून ठेवली आहे.

नगरच्या त्या माणसांना राग येत नव्हता, दुःख होत नव्हतं, असं कोण म्हणेल? साहेबापुढे चेहरा कोरा ठेवायचा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, एवढाच त्याचा अर्थ. घरी परतल्यावर, चुलीपाशी बसून भाकरी खाताना, बायको-पोरांपुढेही तो चेहरा तितकाच कोरा राहत असेल, हे मात्र संभवत नाही. देहबोलीविषयी आज जे संशोधन झालं आहे, त्याच्या मुळाशी हीच गोष्ट सापडते. अमुक खूण म्हणजे तमुक भावना, असा सर्वांना लागू पडणारा कोश नाही. शरीर काय बोलतं, हे ते कुणासमोर आणि कुठे बोलतंय यावर ठरतं. सर्वांत मोकळेपणी ते घरात बोलतं. तिथेच ते सर्वांत अचूक वाचलं जातं आणि कधीकधी सर्वांत जास्त चुकीचंही.

कुठल्याही घरातली संध्याकाळ घ्या. नोकरीवरून आलेला मुलगा दार उघडतो. एरवी चपला रॅकमध्ये नीट ठेवणारा तो आज त्या दारातच सोडतो. बॅग खुर्चीवर न ठेवता खाली टाकतो. पाण्याचा पेला हातात घेतो, घोटभर पितो आणि तसाच ओट्यावर ठेवतो. कणीक मळता मळता आई विचारते, “काय रे, काय झालं?” उत्तर येतं, “काही नाही.” आईचे हात थांबतात. तिला कळलेलं असतं की काहीतरी झालं आहे.

तिला हे कशावरून कळलं? चपला दारात सोडणारी माणसं जगात असंख्य आहेत, त्यातली बहुतेक आनंदात असतात. बॅग खाली टाकण्याला स्वतःचा असा काही अर्थ नाही. आईला कळलं ते ‘नेहमी’ आणि ‘आज’ यांतल्या फरकावरून. ते ‘नेहमी’ तिच्याकडे पंचवीस वर्षांचं साठलेलं आहे. कुणा परक्या मानसशास्त्रज्ञाला त्याच दारात उभं केलं, तर त्याला हा फरक दिसणार नाही, कारण त्याच्याकडे तुलनेला काहीच नाही.

‘संवादातला फक्त सात टक्के भाग शब्दांचा, अडतीस टक्के आवाजाचा आणि पंचावन्न टक्के देहबोलीचा’ असा एक हिशेब व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत हमखास ऐकवला जातो. तो आला अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहरेबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून. त्या प्रयोगांत संभाषण नव्हतंच. एकेक सुटा शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवला जाई, सोबत चेहऱ्याचं छायाचित्र दाखवलं जाई आणि बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नावडतो, एवढंच ओळखायचं असे. शब्द एक सांगतोय आणि सूर दुसरंच, अशा पेचात माणसं कशावर विश्वास ठेवतात, हे मेहरेबियन तपासत होते. आपले आकडे सगळ्या संवादाला लावू नयेत, हे त्यांनी स्वतःच पुढे स्पष्ट केलं. शब्दांचा वाटा खरोखर सातच टक्के असता, तर परकी भाषा शिकण्याची गरजच कुणाला पडली नसती.

तरी त्या प्रयोगांत घरच्या कामाची एक गोष्ट आहेच. शब्द आणि सूर यांत विसंगती आली की ऐकणारा सुराकडे झुकतो. “काही नाही” हे दोन शब्द हसत, पटकन, वरच्या पट्टीत म्हटले तर खरंच काही नसतं. तेच शब्द क्षणभर थांबून, उतरत्या आवाजात आले, तर घरातला प्रत्येक जण सावध होतो. “घ्या, जेवा आता” यात आग्रहही असू शकतो आणि धुसफूसही. त्या वेळी ताट कसं समोर येतं, पोळी हळूच वाढली जाते की वरून टाकली जाते, यावरून जेवणाऱ्याला नेमकं कळतं. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज एरवीपेक्षा वाढला की बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज आपोआप कमी होतो, हा अनुभव कितीतरी घरांचा असेल.

ही वाचनाची सुरुवात बोलणं येण्याच्या बरीच आधी होते. डार्विनने आपल्या थोरल्या मुलाच्या, विल्यमच्या, बाळपणाच्या नोंदी ठेवल्या होत्या आणि १८७७ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. विल्यम सहा महिने अकरा दिवसांचा असताना त्याच्या दाईने रडण्याचं सोंग केलं. बाळाचा चेहरा लगेच उतरला, ओठांचे कोपरे खाली वळले. रडणं म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं.

वर्षाच्या मुलाला तर आईचा चेहरा पाऊल टाकायचं की नाही हेही सांगतो. जेम्स सोर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. टेबलावर भक्कम काच बसवलेली होती. अर्ध्या भागात काचेला लागूनच चौकड्यांचं कापड होतं, तर उरलेल्या भागात ते थोडं खाली नेलेलं होतं. त्यामुळे रांगत येणाऱ्या मुलाला पुढे खोल आहे असा भास होई. पलीकडे आई उभी. मूल कडेला येऊन थबके आणि आईकडे बघे. आई न बोलता हसली, तेव्हा १९ पैकी १४ मुलांनी काच ओलांडली. आईने चेहऱ्यावर भीती दाखवली, तेव्हा १७ पैकी एकानेही पाऊल पुढे टाकलं नाही. अंगणात पडलेलं मूल रडण्याआधी क्षणभर मोठ्यांच्या तोंडाकडे का बघतं, हे यावरून समजतं. लागलं किती, याचा अंदाज ते तिथून घेत असतं.

आणि तो चेहरा काहीच सांगेनासा झाला तर? एडवर्ड ट्रॉनिक आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये हेच तपासलं. आई काही महिन्यांच्या बाळाशी हसतखेळत बोलते आणि मग काही मिनिटं निर्विकार चेहऱ्याने त्याच्याकडे नुसती बघत राहते. बाळ आधी हसून बघतं. मग हुंकार देतं, हात पुढे करतं, आईला परत खेळात ओढायचा प्रयत्न करतं. काही जमत नाही असं दिसल्यावर ते तोंड फिरवतं, अंग चोरतं, रडू लागतं. हा प्रयोग नंतर अनेक देशांत पुन्हा पुन्हा झाला. अलीकडच्या काळात आईला कोऱ्या चेहऱ्याऐवजी मोबाइलमध्ये डोकं घालायला सांगूनही तो केला गेला, तेव्हाही बाळं अस्वस्थ झाली. बाळाला पाजताना, भरवताना हातात फोन असणाऱ्या प्रत्येक घराने यावर थोडं थांबून विचार करावा. आईबापांना दोष देण्याचा इथे हेतू नाही. ट्रॉनिक यांच्या प्रयोगात आई पुन्हा हसली की बहुतेक बाळंही, थोडं कुरकुरत का होईना, सावरत. तुटलेला धागा जोडता येतो, हेही त्यातून दिसलं.

शरीर जे सांगतं, त्यातलं सगळं आपल्या ताब्यात नसतं, हे भारतीय रंगभूमीने फार पूर्वी ओळखलं होतं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘नाट्यशास्त्रा’त भरतमुनींनी डोकं हलवण्याचे १३ प्रकार, नजरेचे ३६ आणि भुवयांचे ७ प्रकार वेगळे काढून सांगितले. या सगळ्या हालचाली नट सरावाने करू शकतो. त्यांच्यापासून वेगळे असे आठ सात्त्विक भाव त्यांनी मांडले. जागीच खिळणं, घाम, अंगावर काटा, स्वरभंग, कंप, चेहऱ्याचा रंग उडणं, अश्रू आणि भान हरपणं हे ते आठ भाव. मन तिथवर पोचल्याखेरीज ते खरे उमटत नाहीत. आजचं शरीरशास्त्र यांतल्या बहुतेकांचा संबंध स्वायत्त मज्जासंस्थेशी जोडतं. घाम सुटणं, त्वचेवरचे केस उभे राहणं, चेहऱ्याचा रक्तप्रवाह कमी-जास्त होणं, हे आपल्या हुकमाने होत नाही.

हसण्यातही हा फरक आहे. फ्रेंच डॉक्टर द्युशेन यांनी चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचे सौम्य झटके देऊन प्रत्येक स्नायू काय करतो ते पाहिलं आणि १८६२ मध्ये छायाचित्रांसह प्रसिद्ध केलं. ओठांचे कोपरे वर ओढणारा स्नायू आपण हवा तेव्हा वापरू शकतो. डोळ्यांभोवतीचा वर्तुळाकार स्नायू मात्र मनापासून हसू आलं की आकसतो, गाल वर चढतात आणि डोळ्यांच्या कडेला बारीक सुरकुत्या पडतात. काही माणसांना हेही ठरवून जमतं, असं पुढच्या संशोधनात आढळलं. पण घरच्या माणसाची दाद ओठांवरची आहे की डोळ्यांपर्यंत पोचलेली, हे बहुतेकांना कळतं. नवी भाजी केल्यावर “छान झालीय” हे ऐकताना करणारीची नजर खाणाऱ्याच्या डोळ्यांवर असते, ती यासाठीच.

घर म्हणजे मोकळेपणा असं म्हटलं, तरी घरालाही दाखवण्या-लपवण्याचे नियम असतात. वाड्यातल्या जुन्या एकत्र कुटुंबांत ते कडक होते. सासरे माजघरात येण्याआधी खाकरत. आतल्या बायका तेवढ्यात पदर सावरत आणि बोलणं थांबवत. नवरा-बायको वडीलधाऱ्यांसमोर एकमेकांशी थेट बोलत नसत. मग निरोप नजरेने जाई किंवा मुलाला उद्देशून मोठ्याने बोललेल्या वाक्यातून. वाडे गेले तरी काही नियम टिकून आहेत. पाहुण्यांसमोर तिसऱ्या लाडवाकडे हात नेणाऱ्या मुलाला आई एक शब्द बोलत नाही. तिची नुसती नजर वळते आणि हात मागे येतो. पाहुण्यांना मात्र त्यातलं काही दिसत नाही.

पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन यांनी या नियमांचा अभ्यास केला. फ्रीसन यांच्या १९७२ मधल्या एका प्रयोगात जपानी आणि अमेरिकी विद्यार्थ्यांना अंगावर शहारे आणणारी चित्रफीत दाखवली गेली. एकटे बसून बघताना दोघांच्या चेहऱ्यांवर जवळपास सारखेच भाव उमटले. खोलीत संशोधक येऊन बसला की जपानी विद्यार्थी किळस लपवून हसरा चेहरा ठेवू लागले. अर्स्किन यांना नगरला जो अनुभव आला, तो प्रयोगशाळेत असा पकडता आला. हे नियम नुसते बघून शिकलेले असतात, असंही म्हणता येत नाही. २००४ च्या अथेन्स पॅरालिम्पिकमधल्या ज्यूदोपटूंच्या छायाचित्रांचा डेव्हिड मात्सुमोतो आणि बॉब विलिंगहॅम यांनी अभ्यास केला. जन्मापासून दृष्टी नसलेल्या खेळाडूंच्याही चेहऱ्यांवर विजयाचे आणि पराभवाचे तेच भाव होते. अंतिम लढत हरून रौप्यपदक घेताना अनेकांनी ओठांपुरतं हसून वेळ निभावून नेली होती. असा चेहरा त्यांनी आयुष्यात कधी पाहिलेला नव्हता.

कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात हेच घडतं. दोन्हीकडची माणसं अर्ध्या-पाऊण तासात एकमेकांना वाचायला बसलेली असतात. मुलगी फार बोलली नाही म्हणजे शांत स्वभावाची, मुलगा मान खाली घालून बसला म्हणजे साधा, असे निष्कर्ष निघतात. खरं तर त्या वेळी सगळेच सभ्यतेचा चेहरा घालून बसलेले असतात आणि कुणालाच दुसऱ्याचं ‘नेहमी’ माहीत नसतं. एकमेकांच्या घरी दोन-तीन वेळा निवांत जाणं, भावंडांत, मित्रांत वावरताना बघणं, याने जे कळतं ते बशीमागच्या नजरेने कळत नाही.

लग्नानंतरच्या बोलण्यावर जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हेन्सन यांनी दीर्घकाळ काम केलं. जोडप्यांना त्यांच्यात खरोखर वाद असलेल्या विषयावर बोलायला बसवायचं, चित्रीकरण करायचं, सोबत हृदयाचे ठोके मोजायचे आणि काही वर्षांनी तो संसार कसा आहे ते पाहायचं, अशी त्यांची पद्धत होती. भांडण झालं की संसार मोडतो, असं त्यांना आढळलं नाही. सर्वांत घातक ठरला तो तुच्छभाव. जोडीदार बोलत असताना डोळे वर फिरवणं, ओठाचा एक कोपरा ताणून हसणं, त्याच्याच सुरात त्याची नक्कल करणं. रागात ‘तू असं का केलंस’ असा प्रश्न तरी असतो. डोळे फिरवण्यात ‘तुझं बोलणं ऐकण्यासारखं नाही’ असा निकाल असतो.

त्यांच्या कामातून निघालेली दुसरी गोष्ट आपल्याकडच्या अनेक घरांना उपयोगी पडेल. वादात एक जण बोलत असतो आणि दुसरा, पुष्कळदा नवरा, भिंतीकडे किंवा मोबाइलकडे बघत गप्प बसतो. हाताची घडी, ताठ मान, चेहऱ्यावर रेष नाही. बोलणाऱ्याला वाटतं, याला काही पडलेलीच नाही. मोजमाप मात्र उलटं सांगतं. अशा गप्प माणसाच्या हृदयाचे ठोके बऱ्याचदा मिनिटाला शंभरच्या वर गेलेले असतात. शरीर इतकं खवळलेलं असताना त्याला ऐकूही नीट येत नाही आणि शब्दही सुचत नाहीत. अशा वेळी वीसेक मिनिटं विषय बाजूला ठेवून, नंतर नक्की बोलू असं ठरवून उठावं, असं गॉटमन सुचवतात. न सांगता उठून जाण्यापेक्षा ‘थोड्या वेळाने बोलूया’ हे सांगून उठण्यात फार फरक पडतो.

स्पर्शाचं बोलणं याहून जुनं. २००६ मध्ये जेम्स कोन, हिलरी शेफर आणि रिचर्ड डेव्हिडसन यांनी सोळा विवाहित स्त्रियांच्या मेंदूचं एमआरआय यंत्रात निरीक्षण केलं. घोट्याला विजेचा सौम्य झटका बसण्याची शक्यता असल्याची सूचना त्यांना दिली जाई. एकट्या असताना मेंदूतले धोक्याशी संबंधित भाग जास्त जागे होत. परक्याचा हात हातात असला की थोडे कमी, आणि नवऱ्याचा हात असला की सर्वांत कमी. ज्यांचं नातं जास्त समाधानाचं, त्यांना हाताचा आधारही जास्त मिळाला. मराठी घरांत मोठ्या माणसांनी एकमेकांना मिठी मारण्याची रीत फारशी नाही. पण परीक्षेला निघालेल्या नातवाच्या पाठीवरून आजोबांचा हात फिरतो, वाकून नमस्कार करणाऱ्या सुनेच्या डोक्यावर सासूचा हात क्षणभर जास्त टेकतो, दमून आलेल्या आईचे पाय मुलगी न सांगता चेपायला बसते. या स्पर्शांना घरातलं कुणी ‘प्रेम व्यक्त करणं’ म्हणत नाही, तरी ज्याचं त्याला ते पोचतं.

इतकं सगळं पोचत असताना चुका कुठे होतात? पहिली चूक, एका खुणेवरून निकाल देण्याची. लिसा फेल्डमन बॅरेट आणि चार सहशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये हजाराहून अधिक शोधनिबंधांचा आढावा घेतला. रागावलेली माणसं कपाळाला आठ्या घालतात, हे साधारण तीस टक्के वेळाच खरं ठरतं, असं त्यांना आढळलं. उरलेल्या वेळी राग रडण्यातून, हसण्यातून किंवा शांत बसण्यातून बाहेर येतो. उलट कपाळाच्या आठ्या अनेकदा रागाच्या नसतातच. चष्म्याचा नंबर वाढलाय, डोकं दुखतंय किंवा माणूस मनातल्या मनात हिशेब करतोय.

दुसरी चूक फार घरांत होते. “खरं बोलतोयस ना? मग माझ्या डोळ्यांत बघून सांग!” चार्ल्स बॉन्ड आणि बेला डीपॉलो यांनी २००६ मध्ये खोटं ओळखण्याविषयीचे शेकडो प्रयोग एकत्र केले. अनोळखी माणूस खरं सांगतोय की खोटं, हे ओळखण्यात लोक सरासरी ५४ टक्के वेळाच बरोबर ठरले. नाणं उडवून ५० टक्के बरोबर येतंच. नजर चुकवणं ही खोट्याची खूण आहे, या समजाला त्यांच्या आधीच्या संशोधनातही आधार मिळाला नव्हता. शिवाय आपल्याकडे मोठ्यांच्या नजरेला नजर भिडवणं उद्धटपणाचं मानलं जातं. त्यामुळे मूल खाली बघत असेल, तर ते घाबरलेलं असेल, ओशाळलेलं असेल किंवा नुसतंच शिकवल्याप्रमाणे वागत असेल. त्याला चोर ठरवून आपण खरं सांगण्याची वाटच बंद करतो.

तिसरी चूक सर्वांत क्लेशकारक, कारण तिथे शरीराची भाषाच बदललेली असते. पार्किन्सनच्या आजारात चेहऱ्याचे स्नायू ताठरतात, पापण्या कमी लवतात, आवाज सपाट आणि बारीक होतो. आजोबांना नातीचं गाणं आवडलेलं असतं, पण चेहऱ्यावर काही उमटत नाही, आणि घर म्हणतं, ‘आजोबा हल्ली कशातच लक्ष घालत नाहीत.’ ऐकू कमी येऊ लागलेली आजी गप्पांतून हळूहळू मागे सरकते, भलत्याच ठिकाणी मान डोलावते, आणि तो तिचा तुसडेपणा समजला जातो. स्वमग्न मुलांपैकी अनेकांना नजरेला नजर देणं त्रासदायक वाटतं. दुसरीकडे बघत असतानाच ती तुमचं बोलणं नीट ऐकत असतात. अशा माणसांच्या बाबतीत घराला नवं ‘नेहमी’ शिकून घ्यावं लागतं.

परदेशी गेलेल्या मुला-नातवंडांशी होणारं बोलणं आता पडद्यावर होतं. तिथे चेहरा मोठा दिसतो, पण हात, बसण्याची ढब, पायांची अस्वस्थ हालचाल चौकटीबाहेर राहते. कॅमेरा एकीकडे आणि समोरच्याचे डोळे पडद्यावर दुसरीकडे, त्यामुळे नजर कधी जुळत नाही. आवाज क्षणभर उशिरा पोचला की दोघं एकदम बोलू लागतात आणि एकदम थांबतात. असं बोलून थकवाही येतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये या थकव्याची कारणं मांडली. सतत जवळून दिसणारे डोळे, स्वतःचाच चेहरा समोर असणं, हालचालीवरची बंधनं आणि खुणा वाचायला-दाखवायला लागणारे जास्तीचे कष्ट ही ती कारणं. फोन जरा लांब टेकवून आजी भाजी निवडत बोलली आणि तिकडची नात चित्र काढत बोलली, तर दोघींची हालचाल दिसते आणि बोलणंही कमी अवघडतं.

घरातही समोरासमोर बसवून विचारपूस केली की किशोरवयीन मुलं मिटून जातात. तेच शेजारी शेजारी चालताना, स्कूटरवर मागे बसलेलं असताना, मटार सोलताना आपणहून बोलू लागतात, कारण तिथे कुणी चेहरा न्याहाळत नसतं. विचारण्याची तऱ्हाही महत्त्वाची. “तू चिडलायस” हा निकाल झाला आणि निकालाशी माणूस भांडतो. “आज जेवला नाहीस नीट, दमलास का?” यात जे दिसलं तेवढंच सांगितलेलं असतं. आपला अंदाज चुकला असं त्याने सांगितलं, तर ते मान्य करायचं. लगेच उत्तर आलं नाही, तर दोन तासांनी त्याच सुरात पुन्हा विचारायचं.

घराच्या या नजरेची डॉक्टरांनाही गरज पडते. स्मृतिभ्रंश वाढलेल्या रुग्णाला आपलं काय दुखतंय हे सांगता येत नाही. अशा रुग्णांच्या वेदनेसाठी २००३ मध्ये अमेरिकेत एक मोजपट्टी तयार झाली. श्वास, कण्हणं, चेहरा, अंगाची हालचाल आणि समजावल्यावर शांत होणं, अशा पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण देऊन एकूण दहापैकी बेरीज केली जाते. परिचारिका ती काही मिनिटांत भरू शकते. पण आजी कूस बदलताना एरवीही कण्हते की हे आजचंच आहे, उजवा हात पोटाशी धरून ठेवण्याची सवय जुनी की कालपासूनची, हे तिला घरच्यांनाच विचारावं लागतं. एखादं माणूस सलग दोन आठवडे बहुतेक दिवस खिन्न, मंद, कशातच रस नसलेलं दिसलं, तर तो स्वभाव किंवा वय म्हणून सोडून न देता डॉक्टरांकडे न्यावं. जाताना सोबत एक कागद असावा. आधी कसं वागायचे, आता काय बदललंय आणि साधारण कोणत्या तारखेपासून, एवढं त्यावर लिहिलेलं असलं, तर तपासणाऱ्याचं निम्मं काम घरानेच केलेलं असतं.